किट कारचे मागील डिस्क ब्रेक : कॅलिपरची बसवणी आणि जुळणी

कारखान्यातून बाहेर पडलेल्या मोटारीचे ब्रेक म्हणजे अभियंत्यांनी घेतलेल्या असंख्य निर्णयांचे फलित असते. मागच्या चाकांवर किती जोर पडावा, कॅलिपर कोणत्या कोनात बसावा, रबरी नळी किती लांब असावी, बोल्ट किती घट्ट आवळावा हे सारे आधीच ठरवलेले आणि तपासलेले असते. मोटार विकत घेणाऱ्याला त्याची वार्ताही नसते. किट कार घरी जुळवणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. एका गाडीचा एक्सल, दुसरीचे हब, तिसरीचे कॅलिपर आणि स्वतः कापलेली पोलादी पट्टी यांचा मेळ त्यालाच घालावा लागतो आणि त्या क्षणी अभियंत्याची जबाबदारीही आपोआप त्याच्याकडे येते. या जबाबदारीची कसोटी मागील कॅलिपरच्या बसवणीइतकी अन्यत्र क्वचितच लागते. येथे अर्ध्या मिलिमीटरची चूकही ब्रेकच्या पेडलाखाली जाणवते, आणि ब्रेकच्या समतोलातील चूक तर वळणावर गाडी उलट तोंड करून उभी राहिल्यावरच लक्षात येते.

किट कारची परंपरा

किट कारची परंपरा प्रामुख्याने ब्रिटनमधली. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'लोटस सेव्हन' ही हलकी, दोन आसनी उघडी गाडी बाजारात आणली. पूर्ण तयार मोटारीवर त्या काळी ब्रिटनमध्ये खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर तो नव्हता. त्यामुळे गाडी संच म्हणून घेऊन घरी जुळवणे ग्राहकाला स्वस्त पडे. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर लागू झाल्यावर हा फायदा संपला. त्याच वर्षी सेव्हनच्या निर्मितीचे हक्क केटरहॅम कार्सकडे गेले. जुळणीचा छंद मात्र संपला नाही. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचे अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार घरी बांधण्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि 'लोकॉस्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घरगुती गाड्यांची लाटच आली.

अशा गाडीसाठी जुन्या मोटारीचे भाग वापरले जातात. या मोटारीला जुळणी करणारे 'दाता गाडी' म्हणतात. सुरुवातीला फोर्ड एस्कॉर्टचा अखंड मागील एक्सल लोकप्रिय होता. पुढे १९८२ ते १९९३ या काळात तयार झालेल्या फोर्ड सिएराचे स्वतंत्र निलंबनाचे भाग वापरात आले आणि त्यानंतर माझदा एमएक्स-५चे. बहुतेक साध्या सिएरांना मागे ड्रम ब्रेक असत. काही मोजक्या आवृत्त्यांना मागेही डिस्क होत्या. एमएक्स-५ला मात्र पहिल्यापासून चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. ड्रम काढून त्या जागी डिस्क बसवण्याचा खटाटोप, किंवा एका गाडीचे कॅलिपर दुसऱ्या गाडीच्या हबवर बसवण्याचा उद्योग येथूनच सुरू होतो.

डिस्क ब्रेकमुळे गाडी कमी अंतरात थांबते, असा एक सार्वत्रिक समज आहे. चाक जखडण्याइतका जोर ड्रमही देऊ शकतो. त्यापलीकडे थांबण्याचे अंतर टायर आणि रस्ता ठरवतात. डिस्कचे खरे गुण वेगळे आहेत. ती लवकर थंड होते, पाण्यातून गेल्यावर लवकर पूर्ववत होते, तिच्यावरील जोर पेडलाच्या दाबाशी सरळ प्रमाणात राहतो आणि पॅड किती झिजले हे पाहण्यासाठी काही उघडावे लागत नाही. या गुणांसाठी डिस्क घ्यावी. केवळ चाकातून चकाकणारा कॅलिपर दिसावा म्हणून घेतली, तर पुढील सर्व खटाटोप व्यर्थ होय.

मागच्या चाकांचे गणित

ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते. चालकासह ७३० किलो वजनाची, दोन्ही एक्सलांवर सारखा भार असलेली एक हलकी किट कार उदाहरणादाखल घेऊ. पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर २.३ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.४५ मीटर मानली, तर गुरुत्वाकर्षणाइतक्या, म्हणजे एक 'जी' मंदनाच्या वेळी सुमारे १४३ किलो भार मागून पुढे सरकतो. उभ्या गाडीत मागच्या चाकांवर असलेले ३६५ किलो त्या क्षणी २२२ किलोंवर येतात. म्हणजे एकूण भाराचा जेमतेम ३० टक्के भाग मागे उरतो. सौम्य, अर्ध्या 'जी'च्या ब्रेकिंगमध्ये हेच प्रमाण ४० टक्के असते.

यातून मागच्या ब्रेकची मर्यादा स्पष्ट होते. रोजच्या सौम्य ब्रेकिंगला साजेसा, म्हणजे ४० टक्के जोर मागे ठेवला, तर आणीबाणीच्या क्षणी मागची चाके आधी जखडतात. जखडलेल्या चाकाची बाजूच्या दिशेची पकड जवळपास नाहीशी होते. पुढची चाके जखडली तर गाडी वळत नाही, सरळ घसरत जाते. मागची जखडली तर तिची शेपूट पुढे येऊ पाहते आणि गाडी गरगर फिरते. पहिल्या प्रसंगात पेडल किंचित सोडून सावरण्याची संधी तरी असते, दुसऱ्यात सामान्य चालकाला ती बहुधा मिळत नाही. म्हणून मागचे ब्रेक नेहमी सर्वांत जोरदार ब्रेकिंगचा विचार करून, पुढच्यापेक्षा आधी जखडणार नाहीत असेच ठेवावे लागतात.

दाता गाडीचे ब्रेक जसेच्या तसे उचलले की समतोलही सोबत येतो, हा समजही चुकीचा आहे. सिएरासारखी मोटार किट कारपेक्षा कितीतरी जड असते आणि तिचा भारही वेगळ्या तऱ्हेने वाटलेला असतो. शिवाय किट कारमध्ये बहुधा सर्व्हो नसतो. पेडलावर पायाचा जोर अधिक लागतो, मास्टर सिलिंडर वेगळा असतो. तेव्हा समतोलाचा हिशेब नव्याने मांडणे अटळ असते.

कॅलिपर कोणता निवडावा?

कॅलिपरचे दोन मुख्य प्रकार आहेत. स्थिर कॅलिपरमध्ये डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असतात आणि त्याचा देह जागचा हलत नाही. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपरचा देह मार्गदर्शक पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो.

स्थिर कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर बसवावा लागतो. सरकता कॅलिपर आडव्या दिशेतील लहानसा फरक स्वतःच सांभाळून घेतो. मात्र तिरपेपणा तोही सांभाळू शकत नाही, हे विसरले जाते. पिना सरळ रेषेत सरकतात. त्या डिस्कला काटकोनात नसतील, तर कॅलिपर आयुष्यभर तिरपाच सरकणार.

अखंड एक्सलाच्या गाडीत आणखी एक प्रश्न उद्भवतो. काही एक्सलांच्या अर्ध-शाफ्टला लांबीच्या दिशेने थोडी हालचाल असते. वळणावर शाफ्ट आतबाहेर सरकला की डिस्कही सरकते आणि स्थिर कॅलिपरचे पिस्टन मागे ढकलले जातात. पुढच्या वेळी ब्रेक दाबताच पेडल खोल जाते. दुसऱ्यांदा दाबल्यावर ते वर येते आणि दोष कुठे आहे हे कोडे उलगडत नाही. अशा एक्सलावर सरकता कॅलिपर श्रेयस्कर.

ब्रॅकेट आणि बोल्ट

कॅलिपर आणि हब यांच्यामधील पोलादी ब्रॅकेट हा बहुतेक वेळा जुळणी करणाऱ्याच्या स्वतःच्या हातचा भाग असतो. त्याच्यावर किती ताण येतो? वरच्याच उदाहरणात एक 'जी' ब्रेकिंगच्या वेळी मागच्या प्रत्येक चाकावर १११ किलो भार आहे. चाकाची त्रिज्या २९० मिलिमीटर आणि पॅडच्या मध्यापर्यंतची डिस्कची त्रिज्या १०५ मिलिमीटर धरली, तर पॅड डिस्कला सुमारे ३०० किलो वजनाइतक्या जोराने धरून ठेवतात. हाच जोर उलट दिशेने ब्रॅकेटवर येतो, आणि तोही दर वेळी ब्रेक दाबताना. एखादा ताण एकदा सोसणे आणि तोच लाखो वेळा सोसणे यांत फरक आहे. पातळ पत्र्याचा, टोकदार आतले कोपरे असलेला ब्रॅकेट पहिल्या दिवशी उत्तम चालतो. काही महिन्यांनी त्याच कोपऱ्यातून तडा सुरू होतो.

यासाठी ब्रॅकेट ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या सपाट पोलादी पाटाचा असावा आणि आतील कोपरे गोलाईत कापावेत. भोके ड्रिलने पाडून रीमरने नेमक्या मापाची करावीत. बोल्टचा गुळगुळीत भाग भोकाच्या कडेवर टेकावा, आटे टेकू नयेत. बोल्ट ८.८ किंवा १०.९ प्रतीचे, विश्वासार्ह ठिकाणचे असावेत. गंजू नये म्हणून स्टेनलेस स्टीलचे चमकदार बोल्ट वापरण्याचा मोह अनेकांना होतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ए२-७० स्टेनलेस बोल्टची तन्यशक्ती ७०० मेगापास्कल असते, तर ८.८ प्रतीच्या बोल्टची किमान ८०० मेगापास्कल. ब्रेकच्या जागी हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. बोल्ट टॉर्क रेंचने, उत्पादकाने दिलेल्या मापानेच आवळावेत आणि सैल होऊ नयेत म्हणून लॉकिंग द्रव किंवा लॉक नट वापरावे.

ब्रॅकेट एक्सलाच्या नळीवर वेल्ड करायचा असेल तर दोन पथ्ये पाळावीत. वेल्डिंगचा अर्थ जोडताना विद्युतप्रवाह बेअरिंगमधून जाणार नाही, अशी जागा निवडावी. तसेच वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद ओढले जाते हे गृहीत धरून, थंड झाल्यावर सर्व मापे पुन्हा घ्यावीत. टाक्यांवर जुळलेला ब्रॅकेट पूर्ण वेल्डिंगनंतर हमखास थोडा तरी फिरलेला आढळतो.

आधी डिस्क, मग कॅलिपर

कॅलिपर सरळ आहे की नाही, हे डिस्कवरूनच मोजले जाते. डिस्कच डगमगत असेल तर पुढची सर्व मापे निरर्थक ठरतात. म्हणून पहिले काम हबचे. त्याच्या तोंडावरचा गंज, रंग आणि जुने वंगण तारेच्या ब्रशने पूर्ण काढावे. हबवर राहिलेला गंजाचा एक पापुद्रा डिस्कच्या कडेला अनेकपट मोठा होऊन दिसतो. त्यानंतर चाकाचे नट योग्य वॉशर घालून आवळावेत, जेणेकरून डिस्क हबवर नीट बसेल. मग डायल गेजचे टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत टेकवून डिस्क सावकाश एक फेरा फिरवावी. काट्याची एकूण हालचाल ०.१ मिलिमीटरच्या आत असावी, ०.०५च्या आत असेल तर उत्तम. फरक जास्त आला तर डिस्क हबवर एक भोक पुढे फिरवून पुन्हा मोजावे. पुष्कळदा हब आणि डिस्क यांचे दोष परस्परांना छेदतात आणि माप आटोक्यात येते. तरीही आले नाही तर हबचे तोंड स्वतंत्रपणे मोजावे आणि दोष ज्याचा, तो भाग बदलावा किंवा लेथवर साफ करून घ्यावा.

इतकी सूक्ष्म मापे कशासाठी, अशी शंका येणे साहजिक आहे. मागच्या पिस्टनचा व्यास ३८ मिलिमीटर, मास्टर सिलिंडरचा १९ मिलिमीटर आणि पेडलाचे प्रमाण साडेचारपट असेल, तर दोन्ही मागच्या पिस्टनांना केवळ ०.१ मिलिमीटर जास्त सरकावे लागल्यास पेडल सुमारे साडेतीन मिलिमीटर अधिक खाली जाते. डगमगणाऱ्या डिस्कने पिस्टन ०.३ मिलिमीटर मागे लोटले की पेडलाखालचे एक सेंटिमीटर निघून गेले. नवख्या जुळणीकाराची 'ब्रेक स्पंजासारखे लागतात' ही तक्रार अनेकदा तेलातील हवेची नसते, ती या दशांशांची असते.

तीन दिशांची जुळणी

डिस्क खरी निघाल्यावर कॅलिपरची जुळणी तीन दिशांनी तपासायची असते.

पहिली दिशा त्रिज्येची. पॅडची बाहेरची कड डिस्कच्या कडेबाहेर जाऊ नये. ती बाहेर गेल्यास तेवढा भाग झिजत नाही, त्याची किनार उभी राहते आणि झीज वाढली की ही किनार डिस्कच्या कडेवर अडकते. पॅड फार आत असल्यास डिस्कच्या बाहेरच्या कडेला गंजाचे वलय उरते आणि उपयुक्त त्रिज्याही वाया जाते. कॅलिपरचा पूल आणि डिस्कची कड यांत दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा हवी.

दुसरी दिशा आडवी, म्हणजे गाडीच्या आतबाहेरची. स्थिर कॅलिपरमध्ये डिस्क दोन्ही बाजूंपासून समान अंतरावर असावी. फरक व्हर्निअर कॅलिपरने मोजून ब्रॅकेट आणि कॅलिपरचे कान यांच्यामध्ये पोलादी शिम घालून काढावा. शिम कानाच्या संपूर्ण तोंडाला टेकणारी आणि संख्येने कमीत कमी असावी. चार पातळ वॉशरांच्या चळतीपेक्षा योग्य जाडीची एकच शिम केव्हाही चांगली. सरकत्या कॅलिपरमध्ये पिना दोन्ही दिशांना पुरेशा सरकतील, नवे पॅड असताना एका टोकाला आणि झिजलेले असताना दुसऱ्या टोकाला अडणार नाहीत, हे पाहावे.

तिसरी दिशा कोनाची. तीच सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. कॅलिपरच्या दोन्ही कानांची तोंडे ज्या प्रतलात आहेत, ते प्रतल डिस्कला समांतर हवे. यासाठी एक सोपी रीत आहे. बोल्ट न लावता नवे पॅड घातलेला कॅलिपर डिस्कवर ठेवावा आणि पॅड डिस्कला हलकेच आवळतील इतपत पिस्टन पुढे आणावा. कॅलिपर आता डिस्कच्याच आधाराने, आपल्या नैसर्गिक जागी उभा असतो. या स्थितीत ब्रॅकेट आणि दोन्ही कान यांमधील फट फीलर गेजने प्रत्येक कानाच्या चारही बाजूंनी मोजावी. दोन्ही कानांशी फट सारखी असेल तर तेवढ्या जाडीची शिम घालून काम भागते. एका कानाशी अर्धा मिलिमीटर आणि दुसऱ्याशी काहीच नसेल, तर ब्रॅकेट तिरपा आहे. हा तिरपेपणा ब्रॅकेट घासून किंवा नव्याने बसवून काढावा लागतो. बोल्टच्या जोराने फट ओढून बंद करणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास कॅलिपर कायमचा पिळलेला राहतो आणि बोल्टवर नको तो ताण येतो.

शेवटची पडताळणी निळ्या मार्किंग रंगाची. डिस्कवर त्याचा अगदी पातळ थर द्यावा, ब्रेक हलकेच दाबून डिस्क थोडी फिरवावी आणि पॅड काढून पाहावेत. रंग पॅडभर उमटला तर जुळणी साधली. केवळ एका टोकाला किंवा एका कडेला उमटला तर पुन्हा मोजणी करावी.

डावा आणि उजवा

कॅलिपर डावे-उजवे असतात आणि त्यांची ओळख हवा काढण्याच्या निपलवरून होते. हवा वर जाते, म्हणून निपल सिलिंडरच्या सर्वांत वरच्या बिंदूवर हवे. दाता गाडीत कॅलिपर एक्सलाच्या मागे असेल आणि किट कारमध्ये जागेअभावी तो पुढे आणला, तर त्याच बाजूचा कॅलिपर उलटा होतो आणि निपल खाली जाते. मग कितीही तेल ओतले तरी वरच्या पोकळीतील हवा निघत नाही. अशा वेळी डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावावा लागतो. मात्र या अदलाबदलीने हँडब्रेकच्या तरफेची दिशाही बदलते. केबल कोणत्या बाजूने येणार, याचा विचार ब्रॅकेट कापण्यापूर्वीच केलेला बरा.

हँडब्रेक आणि नळ्या

मागच्या कॅलिपरचे काम पुढच्यापेक्षा अवघड होते ते हँडब्रेकमुळे. हँडब्रेक तेलाच्या दाबावर विसंबून चालत नाही, तो यांत्रिकच लागतो. कॅलिपरमध्येच स्क्रूची यंत्रणा असणे, स्वतंत्र छोटा यांत्रिक कॅलिपर लावणे, किंवा डिस्कच्या टोपीत लहान ड्रम असणे, हे त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिल्या प्रकारच्या कॅलिपरचा पिस्टन नवे पॅड घालताना क्लॅम्पने दाबून मागे नेऊ नये. तो खास अवजाराने फिरवतच आत न्यायचा असतो. फिरवण्याची दिशा बहुधा घड्याळाच्या काट्यांची असते, परंतु काही गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूंची दिशा भिन्न असते. एमएक्स-५च्या पहिल्या दोन पिढ्यांत पिस्टन पुढून फिरवायचा नसतो. कॅलिपरच्या मागील बाजूस एका बोल्टखाली दडलेला स्क्रू ॲलन कीने फिरवावा लागतो. जबरदस्ती केल्यास आतील यंत्रणा मोडते आणि तो कॅलिपर निकामी होतो.

केबल जोडण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी पायाचा ब्रेक पुष्कळ वेळा दाबून कॅलिपरची स्वयंचलित यंत्रणा पॅडमधील फट भरून काढू द्यावी. त्यानंतरच केबल ताणावी. हँडब्रेक सोडल्यावर दोन्ही कॅलिपरच्या तरफा आपल्या थांब्याला पूर्ण टेकल्या पाहिजेत. सुरुवातीलाच केबल घट्ट ताणली, तर तरफ अर्धवट ओढलेली राहते, स्वयंचलित यंत्रणा काम करीत नाही आणि पेडल दिवसेंदिवस खोल जाऊ लागते.

रबरी नळ्यांची लांबी गाडी जॅकवर असताना ठरवू नये. चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली अशा दोन्ही टोकांना नेऊन नळी कुठे ताणली जाते, कुठे पिळते, चाकाला किंवा स्प्रिंगला कुठे घासते हे पाहावे. हीच तपासणी हँडब्रेकच्या केबललाही लागू आहे. चाकाच्या आतील बाजूस चिकटवलेली समतोलाची वजने कॅलिपरला घासणार नाहीत, याकडेही लक्ष द्यावे.

ड्रम काढून डिस्क बसवताना मूळ व्यवस्थेतील 'रेसिड्युअल प्रेशर व्हॉल्व्ह' विसरला जातो. ड्रमच्या नळीत थोडा दाब कायम राखणे हे त्याचे काम. डिस्कच्या वाट्याला तो राहिला, तर पॅड सतत घासत राहतात आणि डिस्क तापते. ब्रेक ऑइलच्या बाबतीत डॉट-३, डॉट-४ आणि डॉट-५.१ ही एका कुळातील, तर डॉट-५ हे सिलिकॉनचे आहे. त्यांची सरमिसळ कदापि करू नये. पहिले कूळ हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट-४ तेलाचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या तेलाची किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. म्हणूनच अर्धवट वापरलेला, कपाटात राहिलेला डबा ब्रेकसाठी वापरू नये.

चाचणी आणि पॅडची साक्ष

पहिली चाचणी जागेवरच करावी. इंजिन बंद असताना पेडल जोराने दाबून अर्धा मिनिट धरून ठेवावे आणि प्रत्येक जोड कोरडा आहे ना, हे दिव्याने पाहावे. त्यानंतर मोकळ्या, खासगी जागेत संथ वेगाने सुरुवात करावी. पॅड आणि डिस्क एकमेकांत रुळण्यासाठी मध्यम वेगावरून पूर्ण न थांबता दहा-बारा वेळा ब्रेक लावावा आणि मग गाडी थंड होऊ द्यावी. समतोलाची खरी परीक्षा त्यानंतरची. बाहेर उभ्या असलेल्या निरीक्षकाला कोणती चाके आधी जखडतात ते दिसते. पुढची आधी जखडली पाहिजेत. मागची आधी जखडत असतील, तर मागच्या नळीतील प्रमाण-व्हॉल्व्ह किंवा पेडलावरील समतोल-दांडी यांच्या साहाय्याने मागचा दाब कमी करावा. ओल्या जमिनीवर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पॅड काढून त्यांची जाडी चारही कोपऱ्यांत मोजावी. झिजलेला पॅड जुळणीची सर्वांत प्रामाणिक साक्ष देतो. डिस्क ज्या टोकाकडून पॅडखाली शिरते, ते टोक किंचित अधिक झिजणे स्वाभाविक आहे. परंतु आतला पॅड एका टोकाला आणि बाहेरचा नेमका विरुद्ध टोकाला झिजला असेल, तर कॅलिपर डिस्कला तिरपा आहे. दोन्ही पॅड सरळ झिजले, पण एक दुसऱ्यापेक्षा बराच पातळ असेल, तर सरकत्या कॅलिपरच्या पिना अडकल्या आहेत. पॅड वरच्या आणि खालच्या कडेला असमान झिजला असेल, तर ब्रॅकेट वाकतो आहे किंवा कॅलिपर बाहेरच्या बाजूस कलला आहे.

कायदा आणि महाराष्ट्र

ब्रिटनमध्ये घरी जुळवलेल्या मोटारीला रस्त्यावर येण्यापूर्वी एकेका गाडीच्या मान्यतेची सरकारी तपासणी पार करावी लागते. १९९८ साली ही पद्धत प्रवासी मोटारींना लागू झाली आणि २००९ पासून तिची अधिक कडक आवृत्ती अमलात आहे. तीत ब्रेकची क्षमता, मागची चाके आधी न जखडणे आणि यांत्रिक हँडब्रेक यांची परीक्षा होते.

भारतात ही वाट इतकी सरळ नाही. उत्पादकाने नव्या प्रकारच्या वाहनाचा नमुना पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या अधिकृत संस्थेकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. नोंदणीकृत वाहनाच्या मूळ रचनेत मालकाने करावयाच्या फेरफारांवर मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ने बंधने घातली आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती अधोरेखित केली. तरीही या विषयाशी महाराष्ट्राचे नाते अगदीच तुटक नाही. लोटस सेव्हनच्या वळणाची, इसुझूचे १.८ लिटर इंजिन असलेली 'रोडस्टर' अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने तयार केली होती. २००७ पासून भरणाऱ्या 'बाहा एसएई इंडिया' स्पर्धेत राज्यातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ स्वतः बांधलेल्या गाड्या उतरवतात. ब्रेक दाबल्यावर चारही चाके जखडून दाखवल्याखेरीज त्यांना पुढे जाता येत नाही. महाविद्यालयाच्या कार्यशाळेत ब्रॅकेट कापणाऱ्या विद्यार्थ्याला आणि ब्रिटनमधल्या गॅरेजात रविवार घालवणाऱ्या छांदिष्टाला फीलर गेज एकच उत्तर देते.

कॅलिपरचे काम पूर्ण झाल्यावर प्रत्येक बोल्टवर रंगाची एक रेघ ओढून ठेवण्याची कारागिरांची जुनी पद्धत आहे. बोल्ट सैल होऊन फिरला की रेघ तुटलेली दिसते. पहिल्या काही प्रवासांनंतर खाली वाकून ही रेघ पाहण्यास एक मिनिट लागते. ज्या गाडीची तपासणी कोणत्याही कारखान्याने केलेली नाही, तिच्यात कुटुंबीयांना बसवण्यापूर्वी ते मिनिट अवश्य काढावे.